तक्त्यांत कोण दिसतं? एका फँटसी खेळाच्या नियमपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पुस्तिकेचा कच्चा मसुदा हातात आहे. खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा: प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, सूत्रधार बाकीचं जग चालवतो, आणि अडलं की फासे ठरवतात. नियम, तयार पात्रं, मंत्र, एक छोटं साहस (खेळायला तयार कथानक) आणि शेवटी फासे टाकून वाचायचे तक्ते. संपादनाच्या या फेरीचा विषय एकच: आमच्या खेळात बायका, पुरुष आणि या दोन्हींत न बसणारी माणसं कुठे येतात, आणि आली की काय करतात.

बैठकीत पहिली सूचना अपेक्षेप्रमाणेच आली. सुरुवातीला एक परिच्छेद घालू, "हा खेळ सगळ्यांचा आहे," आणि पुढे जाऊ. तो परिच्छेद सगळ्यांत शेवटी लिहावा असं मी सुचवलं, ते मान्य झालं. प्रस्तावना लोक एकदा वाचतात, पुष्कळजण तेवढीही वाचत नाहीत. तक्ते मात्र प्रत्येक खेळीत उघडले जातात. जग तिथे ठरतं. म्हणून क्रम उलटा: आधी नियम आणि तक्ते, मग पात्रपत्रिका, चित्रं, भाषा, आणि सरतेशेवटी प्रस्तावना.

८ जानेवारी

जुन्या खेळांचे नियम काढून बसलो. सुरुवात अर्थात या प्रकारच्या खेळांतल्या सगळ्यांत जुन्या, डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांत लढवय्यांच्या वर्गाचं नावच 'फायटिंग-मेन'. ऑक्टोबर १९७६च्या 'द ड्रॅगन' मासिकात लेन लाकोफ्का यांचा एक लेख आहे, बायकांची पात्रं खेळात कशी आणावीत यावर. हेतू दार उघडण्याचा. पण त्यात बायकांच्या पात्रपत्रिकेवरून 'करिश्मा' काढून तिथे 'सौंदर्य' ठेवलं आहे, आणि त्या सौंदर्याच्या जोरावर पुरुषांना भुरळ घालायचे मंत्र दिले आहेत. पुरुष पात्राला माणसं जोडता येतात, बाईला फक्त मोहात पाडता येतं.

मग १९७८चं 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीतलं खेळाडूंचं पुस्तक. यात बाई पात्राच्या ताकदीला वरची मर्यादा आहे. माणूस जमातीचा पुरुष योद्धा १८/०० (तिरक्या रेषेनंतरचा आकडा शंभराच्या फाशाचा, ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकतो, बाई १८/५० पर्यंतच. हाफलिंग या बुटक्या जमातीत पुरुषाला १७, बाईला १४.

नियम बघणारा आमचा सहकारी म्हणाला, "सरासरी ताकदीत फरक असतोच ना? त्यांनी तेवढंच लिहिलं." म्हणून कागदावर हिशेब केला. सहा बाजूंचे तीन फासे टाकले तर १८ पडण्याची शक्यता २१६मध्ये १. तेवढं पडल्यावर योद्धा शंभराचा आणखी एक फासा टाकतो, आणि तो ५०च्या वर गेला तरच मर्यादा आड येते. म्हणजे ४३२ योद्धा बायकांमागे एकीला. सरासरीतला फरक दाखवायचा असता, तर नियम सरासरीला लागला असता. हा लागतो फक्त शिखरावर, म्हणजे नेमका दंतकथेतल्या नायिकेला. उरलेल्या ४३१ जणींना तो काहीच करत नाही, फक्त पहिला फासा पडायच्या आधी वाचायला मिळतो.

हाफलिंगची गोष्ट वेगळी, तिथे नियम खरोखर चावतो. १७ ताकदीला वार लागण्यावर आणि इजेवर एकेक गुण जास्त मिळतो, १४ला काहीच नाही. हाफलिंग बाईला ताकदीचा फायदा कधीच मिळणार नाही अशी ती व्यवस्था आहे. मोठ्या वादांत १८/५०चंच नाव निघतं, हाफलिंग बायकांची कोणी आठवण काढत नाही.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या मर्यादा गेल्या. त्याच पुस्तकात सर्वनामांवर एक टीप आहे: सगळीकडे पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आहे, त्यातून कोणालाही वगळण्याचा हेतू नाही. टीप मनापासून लिहिली असावी. तिच्या पुढची सगळी पानं मात्र 'तो'ची.

ठरलं: आमच्या नियमांत लिंगाला कुठलाही गुण, तोटा, मर्यादा जोडलेली नसेल. मसुद्यात 'भुरळ' हा मंत्र स्त्री पात्रांसाठी राखीव होता, तो सगळ्यांना खुला.

१० जानेवारी

१९७९च्या डन्जन मास्टरच्या (म्हणजे तिथल्या सूत्रधाराच्या) पुस्तकातला शहरात कोण भेटतं याचा तक्ता बघितला. त्यात वेश्यांसाठी एक वेगळा उपतक्ता आहे, बारा प्रकारांचा, रस्त्यावरच्या बाईपासून दिमाखदार गणिकेपर्यंत, सोबत दलालही. शेजारी 'गृहिणी' ही वेगळी नोंद. म्हणजे हे शहर रचताना बाईविषयी बराच बारकाईने विचार झाला होता, पण कुठल्या अंगाने झाला होता ते तक्ता सांगून टाकतो.

आमचा तक्ता त्याच दिव्याखाली धरला. बायका: सराईची मालकीण, विधवा, हरवलेली मुलगी, चेटकीण. पुरुष: पहारेकरी, लोहार, सावकार, पुजारी, नावाडी, चोर, कैदी, नकाशे विकणारा. बायकांना नाती आहेत, पुरुषांना कामं आहेत. कुणी ठरवून केलेलं नाही हे. ठरवून केलं असतं तर निदान सापडायला सोपं गेलं असतं.

उपाय म्हणून तक्त्याचे दोन तुकडे केले. एका फाशावर फक्त काम. दुसऱ्या फाशावर लिंग: सम आली तर बाई, विषम आली तर पुरुष, आणि सहा बाजूंच्या फाशावर सहा आला तर सूत्रधाराने या दोन्हींपलीकडे जाऊन पात्र रचायचं. (सहा ही संख्या समच आहे, पण ती वेगळी काढल्यावर बाईच्या वाट्याला दोनच बाजू उरतात, हे चित्रकाराने लगेच पकडलं. आता दहा बाजूंचा फासा: १ ते ४ बाई, ५ ते ८ पुरुष, ९ आणि १० दोन्हींपलीकडे.)

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फासे टाकून पाहिले. लोहार बाई आली, कोणी काही बोललं नाही. पहारेकऱ्यांची प्रमुख बाई, तेही चाललं. सुईणीच्या कामावर पुरुष आला आणि टेबल हसलं. हसू कुठे फुटलं ते मी समासात टिपत गेलो, कारण पूर्वग्रह कुठे बसला आहे हे शोधायची याहून स्वस्त युक्ती मला ठाऊक नाही. टिपणं बघता हसू जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच दिशेचं होतं: बाईने पुरुषाचं काम केलं तर बढती, पुरुषाने बाईचं केलं तर विनोद. सुईणीचं काम करणारा तो पुरुष आता साहसात पक्का आहे आणि त्याच्या प्रवेशात एकही विनोद नाही.

१३ जानेवारी

आज वाद, चांगला लांबला.

नियम बघणाऱ्याचं म्हणणं: फाशाने लिंग ठरवलं की जग सपाट होतं. सगळ्या कामांत सगळे असतील तर कोणाला काही मिळवायचंच उरत नाही. वंचित मुलगी तलवार उचलते ही गोष्ट सांगायला आधी वंचना लागते.

माझं म्हणणं असं की ती गोष्ट सांगायला कोणाची हरकत नाही, पण ती सांगायची की नाही हे टेबलावर बसलेल्या खेळाडूने ठरवावं, पुस्तिकेने नाही. 'हे जग जुन्या काळासारखं आहे' असं लिहिलं, की बाई पात्र घेणाऱ्या प्रत्येकाच्या माथी तीच एक गोष्ट येते. पुरुष पात्र घेणारा मात्र ड्रॅगन मारायला मोकळा. एकीला आधी हक्क मिळवायचा आणि मग गुहेत शिरायचं, दुसऱ्याला थेट गुहा. यात खेळाचा वेळही असमान वाटला जातो.

दुसरीकडून उदाहरण हवं म्हणून २००५च्या 'ब्लू रोझ' या खेळाचं नाव निघालं. त्यातल्या राज्यात समलिंगी जोडपी ही रोजची गोष्ट आहे. आणि तरी तिथे संघर्ष भरपूर आहे, कारण शेजारची राज्यं तशी नाहीत. सपाटपणाच्या तक्रारीला हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

मग ड्राउ. भूमीखाली राहणारे काळे एल्फ, लोल्थ या कोळी-देवीचे भक्त, १९७८च्या साहसांतून डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये आले. समाज मातृसत्ताक, पुरोहित बायका, आणि सगळा समाज क्रूर. एक दुष्ट मातृसत्ता असण्यात काही बिघडत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा साऱ्या जगात मातृसत्ता तेवढी एकच असते आणि दुष्ट असणं हाच तिचा गुणधर्म होऊन बसतो. पितृसत्ताक दुष्ट राज्यं डझनभर असतात. त्यांचा दुष्टपणा त्यांच्या राजांचा मानला जातो, पुरुषसत्तेचा मानला जात नाही.

आमच्या साहसातल्या दलदलीवर एका राणीचं राज्य आहे आणि तिचे सगळे सरदार बायका. तिला बदलायचं का? नाही. ती मसुद्यातली सगळ्यांत चांगली खलनायिका आहे आणि तिला गुळमुळीत करण्यात मला काडीचा रस नाही. त्याऐवजी नदीपलीकडचं व्यापारी गाव बायकांच्या पंचायतीचं केलं: भांडकुदळ, हिशेबी, अधूनमधून उदार. आता राणी दुष्ट आहे ती स्वतःच्या कर्माने.

परिशिष्टाचा मुद्दा (विषमतेचं जग खेळायचं असेल तर काय करावं) शिल्लक.

१७ जानेवारी

भाषा. थोडक्यात, कारण इथे गोष्टी लवकर सुटल्या.

"खेळाडू फासा टाकतो" हे पानोपानी. 'टाकतो/टाकते' करून पाहिलं, दोन पानांत डोळे दुखले. सगळे नियम 'तुम्ही'मध्ये फिरवले: तुम्ही फासा टाकता, तुम्ही हल्ला केलात, तुम्ही वाचाल. क्रियापद लिंग सांगत नाही. अडचण विशेषणांत: 'तुम्ही दमलेले असाल' चालत नाही, 'थकवा आला असेल' चालतं. सूत्रधाराच्या प्रकरणालाही हेच लागू.

उदाहरणांत मात्र नावाची पात्रं हवीत, तिथे लिंग लपवून चालणार नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीची पद्धत उचलली. तिथे प्रत्येक वर्गाला एक नमुना पात्र होतं आणि वर्गाचं वर्णन त्याच पात्राच्या सर्वनामाने चालायचं: पॅलाडिन (धर्मयोद्धा) अल्हान्ड्रा, म्हणून पॅलाडिन 'ती', चोरांच्या वर्गातली लिडा, म्हणून चोरही 'ती'. साधी युक्ती, आणि टीप लिहावी लागत नाही. आमच्याकडे योद्धा 'ती', वैद्य 'तो'.

२१ जानेवारी

पात्रपत्रिका. मसुद्यात 'लिंग' हा रकाना आणि पुढे दोन चौकोन.

इतरांनी काय केलं ते पाहिलं. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये पात्राचं रूप निवडायच्या यादीत पुरुष आणि बाई यांच्या शेजारीच संदिग्ध, चौकट मोडणारं, झाकलेलं असे पर्याय दिलेले होते. स्पष्टीकरण नाही, उपदेश नाही, नुसती यादी. मला हे फार आवडतं. खेळाडू यादी वाचतो आणि त्याला कळतं की इथे हे चालतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या पुस्तकाने ते वाक्यांत लिहिलं: लिंगाच्या दोन कप्प्यांत अडकायची गरज नाही, आणि पुरुष किंवा बाई असण्याचा नियमांत फायदाही नाही की तोटाही नाही. १९७८च्या तक्त्याला ३६ वर्षांनी त्याच खेळाने दिलेलं उत्तर.

याहून बोलकी एक जोडी सापडली. डन्जन मास्टरच्या त्याच १९७९च्या पुस्तकात एक जादूचा कमरपट्टा आहे, घातला की लिंग बदलतं, आणि दहापैकी एका पट्ट्याने ते पार नाहीसं होतं. त्याची गणना शापित वस्तूंत. २०१८च्या पुस्तकात काही एल्फांना त्यांच्या देवाचं, कोरेलॉनचं, वरदान असतं: रात्रीच्या विश्रांतीनंतर ते आपलं लिंग बदलू शकतात. घटना तीच. एकदा शाप, एकदा वरदान. मधल्या ३९ वर्षांत जादू बदलली नाही, वस्तू कोणत्या यादीत ठेवायची ते बदललं. यादीवर माझा एवढा भर का, असं मागे विचारलं गेलं होतं. उत्तर हेच.

म्हणून आमच्या 'शापित वस्तू' प्रकरणातला 'बाईपणाचा आरसा' उचलून साध्या जादुई वस्तूंत ठेवला. नवं नाव 'दुसरा आरसा'. दिसतं ते हवं तर स्वीकारायचं, नको तर आरसा उलटा ठेवायचा. एका चाचणी खेळाडूने हा बदल वाचून नुसतं "हां" म्हटलं आणि आपल्या पात्रासाठी आरसा मागून घेतला.

पत्रिकेवर आता चौकोन नाहीत. एक ओळ: "या पात्राबद्दल बोलताना काय म्हणायचं?" आणि पुढे मोकळी जागा. कोणी 'ती' लिहितं, कोणी 'तो', एकाने नुसतं पात्राचं नाव लिहिलं, सर्वनाम नकोच म्हणाला. चालतं. सूत्रधाराला खेळताना नेमकी हीच माहिती लागते, बाकी काही नाही.

२४ जानेवारी

तयार पात्रांपैकी एक ट्रान्स बाई आहे, दगडांशी बोलणारी पुजारीण. पूर्वकथा कशी लिहायची यावर अडलो. पाथफाइंडर या खेळाच्या प्रकाशकांनी २०१४मध्ये शार्द्रा हे नमुना पात्र आणलं, शामन (आत्म्यांशी बोलणारी), ड्वार्फ जमातीची, ट्रान्स बाई. तिची ओळख कथेत येते, पण ती फक्त तेवढीच नाही. तिला आत्म्यांचं ज्ञान आहे, प्रवास आहे. आमच्या मसुद्यात अर्धी पूर्वकथा छळाची होती. छळ काढला, दगड वाढवले. ती खाणीतून का पळाली? कारण एका शिळेने तिला तिथलं छत कोसळणार असल्याचं सांगितलं आणि मालकाने ऐकलं नाही. ट्रान्स असल्याचा उल्लेख एका वाक्यात, दीक्षेच्या वेळी तिने स्वतः घेतलेल्या नावासोबत.

याच बैठकीत नियम पक्का: कुठल्याही तयार पात्राच्या पूर्वकथेत लैंगिक अत्याचार नाही. बाई पात्राला राग यायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.

२८ जानेवारी

चित्रं.

चित्रकाराला आजवर दिलेल्या सूचना परत वाचल्या. पुरुष पात्रांच्या सूचनांत क्रिया: झेलतो, चढतो, ओरडतो. बाई पात्रांच्या सूचनांत वर्णन: उंच, सावळी, करारी. चित्रं तशीच आली यात चित्रकाराचा काय दोष? नवी पद्धत: प्रत्येक सूचना एका क्रियापदाने सुरू करायची, आणि लिंग सूचनेच्या शेवटी.

चिलखतावर आमच्या चित्रकर्तीने स्वतःच एक टिपण जोडलं आहे. छातीच्या पत्र्याला दोन वेगळे उभार दिले, की मधली खाच वार घसरवून बाहेर टाकण्याऐवजी थेट छातीच्या हाडाकडे नेते. फुगीर, एकसंध पत्राच वार परतवतो आणि त्याखाली कोणाचंही शरीर मावतं. टिपण जसंच्या तसं चित्रांच्या मार्गदर्शिकेत.

चित्रावरून पुस्तक अडल्याचं उदाहरणही आहे. जीन वेल्स या टीएसआरमधल्या, म्हणजे तेव्हा डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या कंपनीतल्या, पहिल्या महिला डिझायनर. त्यांचं 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' हे साहस १९८१मध्ये छापून झाल्यावर कंपनीने मागे घेतलं, त्यातली काही चित्रं हे त्याचं एक कारण. मग ते टॉम मोल्डवे यांच्याकडून नव्याने लिहून घेऊन काढलं. वेल्स यांचं नाव आज या माघारीपुरतंच निघतं हे वाईट.

जाता जाता, बायका या छंदात नंतर आल्या असं म्हणणाऱ्यांसाठी: ली गोल्ड यांचं 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे हौशी नियतकालिक १९७५पासून निघू लागलं, म्हणजे मूळ खेळानंतर सुमारे दीड वर्षात. १९८३च्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसावर लॉरा हिकमन यांचं नाव ट्रेसी हिकमन यांच्याबरोबर आहे. आणि आम्ही आमची गुहा ज्या तत्त्वावर आखली, अनेक वाटा, अनेक तोंडं, फिरून तिथेच येणारे बोळ, ते जेनेल जॅक्वेज यांच्या १९७९च्या 'केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' या साहसावरून शिकलो. त्या ट्रान्स बाई होत्या. २०२४मध्ये गेल्या. गुहेच्या नकाशाखाली त्यांचे आभार छापतो आहोत.

३ फेब्रुवारी

चाचणी खेळींचे अहवाल आले.

पुस्तिका कितीही नीट केली तरी टेबल हे टेबलच. ज्या टेबलांवर एकच बाई होती, तिथे तिच्या पात्राकडे जखमा बांधायचं काम आपोआप गेलं, पात्र तिरंदाज असलं तरी. सूत्रधाराच्या पात्रांनी लगट केली ती बहुधा तिच्याच पात्राशी. एका ठिकाणी पुरुष खेळाडूने बाई पात्र घेतलं आणि पहिला तासभर किनऱ्या आवाजात नखरे केले. नंतर गुहेत अडकल्यावर आवाज विसरला आणि पात्र एकदम चांगलं झालं. भीती वाटली की नखरे सुटतात बहुतेक.

सुरक्षेची साधनं पुस्तिकेत आहेत: पहिल्या खेळीआधीची बैठक, रॉन एडवर्ड्स यांच्या 'रेषा आणि पडदे' (काय अजिबात नको, काय आडपडद्याने चालेल), आणि जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड, ज्याला हात लावला की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारत नाहीत. कार्ड सगळीकडे टेबलावर होतं, कोणी हात लावला नाही. याचा अर्थ सगळं छान होतं असा मी घेत नाही. अनोळखी चौघांसमोर कार्डाकडे हात नेणं हेही धाडसच आहे. म्हणून सूत्रधारासाठी दोन गोष्टी जोडल्या, दोन्ही कंटाळवाण्या आणि दोन्ही उपयोगाच्या. एक: प्रत्येक प्रसंगात प्रत्येक खेळाडूला नावाने विचारा, "तुम्ही काय करता?" मोठा आवाज आपोआप मागे जातो. दोन: सूत्रधाराचं पात्र कोणाच्या पात्राशी लगट करणार असेल, तर आधी खेळाबाहेर येऊन विचारा. एका टेबलावर हे करून पाहिलं. उत्तर आलं "नको," आणि खेळ अडला नाही.

९ फेब्रुवारी

प्रस्तावनेचा परिच्छेद लिहिला. तीन वाक्यं. 'सगळ्यांसाठी' हा शब्द त्यात नाही. दहा बाजूंचा फासा, 'तुम्ही' आणि पात्रपत्रिकेवरची मोकळी ओळ कुठे सापडेल, एवढंच आहे.

परिशिष्टावर एकमत झालं नाही. नियम बघणाऱ्याचा आक्षेप नोंदवतो: विषमता नसलेलं जगच पुस्तिकेने दिलं, तर विषमतेशी भांडायची गोष्ट ज्यांना खेळायची आहे त्यांना आपण वाऱ्यावर सोडतो, आणि त्यांत बायकाही असतील. आक्षेप बिनबुडाचा नाही. म्हणून परिशिष्ट छापील पुस्तिकेत नाही, वेगळं पत्रक होईल. ते तोच लिहील. अट एक: त्याच्या चाचणीत सूत्रधार बाई हवी आणि पहिल्या मसुद्यावर तिच्या खुणा असाव्यात. तो तयार आहे. मसुदा महिनाअखेर, तोवर पुस्तिका मुद्रितशोधनाला गेली.